जंतू मारावा, मांस राखावे : जखमेच्या पट्टीचा इतिहास



ह्या व्याख्यानमालेत राजकारण, साहित्य, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांवर बोलणारी माणसे दरवर्षी येतात. त्या मानाने मी आज निवडलेला विषय अगदीच घरगुती वाटेल. जखमेवर बांधावयाची पट्टी हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी मनात म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. शिवाय मी वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. इतिहास शिकविणारा एक मास्तर आहे. तेव्हा ह्या विषयाकडे मी कसा वळलो, हे आरंभीच सांगणे प्राप्त आहे.

माझ्या वडिलांना मधुमेह होता. एका उन्हाळ्यात शेतावर त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, पण जखम भरेना. घरात हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली होती. मी रोज सकाळ-संध्याकाळ ते औषध जखमेत ओतीत असे. पांढरा फेस फसफसून वर येई आणि तो पाहून आम्हां सर्वांना समाधान वाटे, की चला, जंतू मरताहेत. असे तीन आठवडे चालले. अखेर शल्यवैद्याकडे नेले तेव्हा पायाची दोन बोटे काढावी लागली. ते मला म्हणाले, "मधुमेह आणि उशीर ही मुख्य कारणे. पण मास्तर, तुम्ही रोज जंतूंबरोबर नव्याने येणारे मांसही जाळीत होतात, हेही खरे."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. जंतू मारावयाचे आणि मांस राखावयाचे, ह्या दोन गोष्टी एकदम कशा साधाव्यात? पुढे वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की जखमेच्या पट्टीचा सारा इतिहास ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरत आला आहे. माझ्या हातून घरात जी चूक झाली, तीच चूक मोठमोठ्या शल्यवैद्यांच्या हातून रणांगणावर झालेली आहे. आणि ती चूक ज्यांनी ओळखली त्यांच्यामुळेच आजची पट्टी तयार झाली आहे. तो इतिहास आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

प्रथम जखम म्हणजे काय ते पाहू. आपली कातडी हा शरीराच्या गावाचा तट आहे. तट फुटला की बाहेरचे जंतू आत शिरतात. पण गाव काही बेसावध नसते. रक्त गोठून भगदाड तात्पुरते बुजते. मग रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात आणि जंतूंना गिळतात. त्यांच्या मागोमाग तळातून लाल, दाणेदार, नवे मांस वर येऊ लागते. आपल्या जुन्या वैद्यांनी त्यास मांसांकुर असे फार सुंदर नाव दिले आहे. शेवटी कडांकडून कातडीच्या पेशी सरकत येतात आणि जखम मिटते. म्हणजे जखम बरी करण्याचे काम शरीरच करते. मग पट्टीचे काम काय? ह्या कामकऱ्यांना आडोसा द्यावयाचा, शत्रूला दूर ठेवावयाचे आणि स्वतः मध्ये लुडबूड करावयाची नाही. ऐकावयास हे सोपे वाटते, पण एवढे समजावयास माणसाला हजारो वर्षे लागली.

प्राचीन लोकांना जंतू ठाऊक नव्हते. परंतु जखमेकडे ते डोळसपणे पाहत होते. इजिप्तमध्ये एक जुना पपायरस सापडला. तो 1862 साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने विकत घेतला म्हणून त्याच्याच नावाने ओळखला जातो. तो इसवी सनापूर्वी सुमारे 1600 वर्षांच्या काळातील आहे. त्यात डोके, मान, छाती येथील जखमांची एकेक करून अठ्ठेचाळीस प्रकरणे दिली आहेत. पहिल्या दिवशी ताजे मांस बांधावे आणि पुढे चरबी, मध व धाग्यांचा बोळा रोज लावावा, असा उपचार त्यात वारंवार येतो. बोळा स्राव शोषी, चरबीमुळे तो जखमेला चिकटत नसे, आणि मध काय करी ते आपण पुढे पाहणारच आहोत.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत व्रणाच्या उपचारांचे साठ प्रकार सांगितले आहेत आणि पट्टी बांधण्याच्या चौदा तऱ्हा नावानिशी दिल्या आहेत. मध आणि तूप ह्यांचा व्रणावर उपयोग तिथेही आहे. एवढेच नव्हे, तर गुग्गुळ, वेखंड, मोहरी, मीठ आणि कडुनिंबाची पाने ह्यांची धुरी जखमी माणसाच्या खोलीला द्यावी, असेही सांगितले आहे. आता ह्यावरून आपल्या पूर्वजांना जंतुशास्त्र अवगत होते, असा अभिमानाचा निष्कर्ष काढण्याचा मोह कोणास होईल. तो आवरला पाहिजे. त्यांना जंतू माहीत नव्हते. पण कोणती जखम कशाने निवळते आणि कशाने चिघळते, ह्याची नोंद त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवली होती. ही नोंदही लहान गोष्ट नव्हे. आपल्या खेड्यांतून आजही कापलेल्या बोटावर हळद दाबतात, एकदांडीचा पाला चोळून लावतात. ती ह्याच परंपरेची शेपटे होत.

युरोपात मात्र मध्ययुगात एक विचित्र समजूत घर करून बसली. पू झाल्यावाचून जखम बरी होत नाही, सबब दाट, पांढरा पू हे शुभलक्षण होय, असे तेथले पंडित मानीत. तेराव्या शतकात इटलीतील तेओदोरिको नावाच्या धर्मगुरूने ह्याला विरोध केला. तो शल्यवैद्यही होता. जखम मद्याने धुवावी, तीतील घाण काढावी, कडा जुळवाव्या आणि कोरडे ठेवावे. पू मुळीच आवश्यक नाही, असे तो म्हणे. त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. मोठ्या ग्रंथांतले वाक्य आणि डोळ्यांपुढची जखम ह्यांत अंतर पडले, तर लोक डोळ्यांवर अविश्वास दाखवितात!

पुढे रणांगणावर बंदुका आल्या. गोळीबरोबर दारूचे विष जखमेत भिनते, असे शल्यवैद्यांना वाटे. ते विष जाळावे म्हणून जखमेत उकळते तेल ओतीत. 1537 च्या सुमारास फ्रेंच सैन्य उत्तर इटलीत तुरीन शहराच्या बाजूस लढत होते. त्या सैन्यात आंब्रवाज पारे नावाचा एक तरुण शल्यवैद्य होता. जखमी इतके आले, की त्याच्याजवळचे तेल संपले. नाइलाजाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन ह्यांचे मिश्रण करून उरलेल्यांच्या जखमांवर लावले. रात्रभर त्याला झोप आली नाही. ज्यांना तेल मिळाले नाही ते विषाने सकाळी मेलेले दिसतील, अशी त्याला धास्ती होती. पहाटे उठून तो पाहतो, तो ज्यांना मलम लावले होते ते शांत झोपलेले, सूज नाही की ठणका नाही. आणि ज्यांच्या जखमांत उकळते तेल ओतले होते ते तापाने फणफणलेले, जखमांच्या कडा सुजलेल्या. त्या दिवशी त्याने निश्चय केला, की पुन्हा कोणा गरीब शिपायाला असे भाजावयाचे नाही. हा अनुभव त्याने 1545 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि तोही विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर आपल्या लोकांच्या फ्रेंच भाषेत. उपचार करणे माझे काम, बरे करणे देवाचे, अशा अर्थाचे बोलणे तो करी. जखम शरीरच भरून काढते, हे जाणणाऱ्या माणसाचा हा विनय आहे.

तरीसुद्धा पुढील तीनशे वर्षे इस्पितळे ही मृत्यूची घरेच राहिली. हाड मोडून कातडीबाहेर आले की पाय कापावयाचा. आणि पाय कापला की जखम सडून, रक्तात विष भिनून रोगी दगावण्याची भीती. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जोसेफ लिस्टर हा शल्यवैद्य ह्या प्रकाराने अस्वस्थ झाला होता. सडणे हे हवेचे काम नसून हवेतील सूक्ष्म जीवांचे काम आहे, हे फ्रान्समध्ये लुई पाश्चरने दाखविल्याचे त्याच्या वाचनात आले. इंग्लंडमधील कार्लाइल गावी गटाराच्या पाण्याची दुर्गंधी घालविण्यासाठी कार्बोलिक ॲसिड वापरतात, हेही त्याला कळले होते. दोन गोष्टींची त्याने सांगड घातली. गटारातले सडणे जे थांबविते, ते जखमेतले का थांबविणार नाही?

1865 सालच्या 12 ऑगस्टला अकरा वर्षांचा एक मुलगा इस्पितळात आला. गाडीचे चाक पायावरून जाऊन त्याचे हाड मोडले होते आणि त्यावर जखमही होती. लिस्टरने कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजविलेले फडके जखमेवर ठेवले. चार दिवसांनी पट्टी उघडली, तो पू नाही! सहा आठवड्यांत हाड सांधले आणि मुलगा आपल्या पायांवर चालत घरी गेला. 1867 साली लिस्टरने आपले अनुभव 'लॅन्सेट' पत्रात प्रसिद्ध केले. त्याच्या विभागात ह्या पद्धतीपूर्वी अवयव कापलेल्या 35 रोग्यांपैकी 16 दगावले होते; पद्धती सुरू झाल्यावर 40 पैकी 6. आकडे लहान आहेत, पण त्यामागे किती घरांचे सौभाग्य वाचले ह्याचा विचार करा.

जंतुनाशक पट्टीचा जन्म हा असा झाला. परंतु ह्याच वेळी जुना प्रश्नही नव्या रूपाने उभा राहिला. कार्बोलिक ॲसिड कातडी भाजून काढी. खुद्द त्या मुलाच्या जखमेभोवतीची कातडी चुरचुरून लाल झाली होती, आणि लिस्टरला औषधात पाणी व तेल घालून ते सौम्य करावे लागले. शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवारा उडविण्याची पद्धतही त्याने काढली होती. तिने शल्यवैद्यांचेच हात सोलून निघत. 1890 साली त्याने तो फवारा मोकळेपणाने सोडून दिला. आपली चूक जाहीर रीतीने कबूल करणारा शोधक हा दुर्मीळ प्राणी होय. लिस्टर तसा होता.

तोवर पट्टीचे कापडही सुधारले होते. त्यापूर्वी जुन्या चिंध्यांचे धागे पिंजून, किंवा जहाजाचे जुने दोर उसवून त्यांचे बोळे जखमेत भरीत. 1880 साली बर्मिंगहॅमच्या जोसेफ सॅम्प्सन गॅमजी ह्याने तेलकटपणा काढलेला कापूस दोन जाळीदार फडक्यांच्या मध्ये घालून शोषक गादी तयार केली. पाठोपाठ बर्लिनमध्ये फोन बेर्गमान ह्याच्या इस्पितळात पट्ट्या व हत्यारे वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ झाली. येथे विचारात एक मोठा पालट झाला. जखमेत शिरलेला जंतू औषधाने मारण्यापेक्षा तो शिरूच द्यावयाचा नाही, हे अधिक शहाणपणाचे ठरले. शस्त्रक्रियेच्या स्वच्छ जखमेपुरता हा प्रश्न सुटला. पण आधीच दूषित झालेल्या जखमेचे काय?

ह्याची कसोटी 1914 साली लागली. पहिले महायुद्ध फ्रान्स आणि बेल्जियममधील खत घातलेल्या शेतजमिनीत खंदक खणून लढले गेले. तोफगोळ्याचा तुकडा शरीरात घुसे तो चिखल, शेणखत आणि गणवेशाच्या चिंध्या बरोबर घेऊनच. धनुर्वात आणि मांस कुजविणारे वायुजनक जंतू ह्यांनी थैमान घातले. शल्यवैद्य जखमांत कार्बोलिक, आयोडीन, हाती येईल ते जंतुनाशक ओतीत, आणि तरीही माणसे मरत.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर बूलोन गावी एका जुगारगृहाच्या इमारतीत ब्रिटिश लष्कराने इस्पितळ उघडले होते. तेथील प्रयोगशाळेत आल्मरॉथ राइट ह्याच्या हाताखाली अलेक्झांडर फ्लेमिंग काम करीत होता. त्याने एक साधा पण मर्मभेदी प्रयोग केला. काचेची परीक्षानळी तापवून तिच्या भिंतींतून आठदहा पोकळ टोके बाहेर ओढली. म्हणजे ती कोनेकोपरे असलेल्या वेड्यावाकड्या जखमेसारखी झाली. तीत जंतुयुक्त द्रव भरला, ओतून टाकला, मग नळी जंतुनाशकाने काठोकाठ भरली. काही काळाने तेही ओतून टाकून जंतू वाढू शकतील असा स्वच्छ द्रव घातला. दुसऱ्या दिवशी पाहतो, तो नळी पुन्हा जंतूंनी भरलेली! टोकांत दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचलेच नव्हते. दुसऱ्या प्रयोगांत त्याने दाखविले, की जंतुनाशक हे जंतूंच्या आधी पांढऱ्या पेशींनाच मारते. म्हणजे गावावर चालून आलेले दरोडेखोर फटीत लपून राहिले, आणि आपण तोफ डागली ती गावच्या राखणदारांवर. 1919 साली त्याने हे सर्व निष्कर्ष एकत्र मांडले. माझ्या घरातला तो फसफसणारा फेस मला येथे आठवतो.

मग त्या काळी कामास काय आले? बेल्जियन व फ्रेंच शल्यवैद्यांनी मेलेले मांस धार लावलेल्या कात्रीने कापून जखम उघडी ठेवावयास आरंभ केला. अलेक्सिस कॅरेल हा शल्यवैद्य आणि हेन्री डेकिन हा रसायनज्ञ ह्यांनी सौम्य हायपोक्लोराइटचे पाणी रबरी नळ्यांतून दर दोन तासांनी जखमेच्या कोपऱ्याकोपऱ्यांत सोडण्याची पद्धत काढली. तिला यश आले. पण त्यात कात्रीचा आणि सतत धुण्याचाही मोठा वाटा होता. कापूस अपुरा पडू लागला तेव्हा स्कॉटलंडमधील बायकामुलांनी दलदलीतील स्फॅग्नम नावाचे शेवाळ वेचून, वाळवून त्याच्या पट्ट्या शिवल्या. हे शेवाळ आपल्या वजनाच्या वीसपट पाणी शोषते आणि मुळात किंचित आम्ल असल्याने जंतूंना मानवत नाही. रानातली एक वनस्पती कापसाहून सरस पट्टी होऊ शकते, हा धडा त्या युद्धाने दिला. पण शांतता होताच तो विसरला गेला.

फ्लेमिंग मात्र आपला धडा विसरला नाही. जंतूंना मारील पण शरीराच्या पेशींना राखील असे काही असेल काय, हा ध्यास त्याला लागला होता. 1928 साली त्याच्या लंडनच्या प्रयोगशाळेत बुरशीने जंतूंना विरघळविलेले त्याने पाहिले आणि पेनिसिलिनचा शोध लागला. ऑक्सफर्डच्या फ्लोरी व चेन ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ते औषध शुद्ध केले. 1941 च्या फेब्रुवारीत चेहरा जंतुदोषाने सडलेल्या एका पोलीस शिपायाला ते टोचण्यात आले. तो चमत्कार वाटावा इतका सुधारला. पण औषधाचा साठा संपला. त्याच्या लघवीतून औषध गाळून काढून ते पुन्हा त्यालाच देण्यापर्यंत मजल गेली, तरी ते पुरले नाही आणि मार्चमध्ये तो वारला. युद्ध संपेपर्यंत मात्र कारखान्यांतून पेनिसिलिनचा ओघ सुरू झाला होता, आणि आता पट्टीकडे लक्ष देण्याचे कारण उरले नाही असे सर्वांस वाटू लागले. वर सुई टोचली की खाली जखम बरी, मग पट्टी कसली का असेना!

हा भ्रम फार दिवस टिकला नाही. जखमेतले जंतू पेनिसिलिनला जुमानीनासे झाले. त्यावर मेथिसिलिन नावाचे नवे औषध आले, तर 1961 सालीच त्यालाही दाद न देणारे जंतू इंग्लंडमध्ये सापडले. ही शर्यत आजतागायत चालू आहे. एका मोठ्या जागतिक पाहणीच्या अंदाजाप्रमाणे 2019 ह्या एका वर्षात सुमारे बारा लाख सत्तर हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे प्रत्यक्ष दगावली. म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टी पुन्हा त्या दुर्लक्षित पट्टीकडे वळली. जखमेपुरतेच औषध, जखमेच्या जागीच देता येईल काय?

परंतु त्याआधी एका इंग्रज संशोधकाने एक जुनी समजूत मोडून काढली होती. जखमेला वारा लागू द्यावा, ती कोरडी ठेवावी, खपली धरली की बरी होते, असे आपण सर्वजण समजतो. 1962 साली जॉर्ज विंटर ह्याने डुकराच्या कातडीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली. कारण उघड आहे. कडांकडून सरकणाऱ्या पेशींना चालावयास ओल लागते. वाळलेल्या खपलीखाली त्यांना वाट खणत जावे लागते. ह्या एका प्रयोगाने पट्टी म्हणजे नुसते झाकण, ही कल्पना गेली. पट्टीने ओल राखली पाहिजे, जादा पाणी शोषले पाहिजे, नव्या मांसाला चिकटता कामा नये आणि जंतूंना थारा देता कामा नये, अशा चार अटी आता तिच्यावर पडल्या.

ह्या अटी पाळणारे पदार्थ शोधताना शास्त्रज्ञांना निसर्गाकडेच जावे लागले, हे मला विशेष वाटते. समुद्रातील तपकिरी शैवालापासून अल्जिनेट नावाचा पदार्थ निघतो. तो 1881 सालीच स्टॅनफर्ड ह्या ब्रिटिश रसायनज्ञाने काढला होता. त्याच्या धाग्यांची पट्टी जखमेवर ठेवली की तीतील कॅल्शियम आणि स्रावातील सोडियम ह्यांची अदलाबदल होते, आणि धाग्यांचा मऊ गर बनतो. बदलताना तो नव्या मांसाला ओरबाडीत नाही. तसेच कोळंबी आणि खेकडे ह्यांच्या कवचापासून कायटोसान निघते. आपल्या कोकणकिनाऱ्यावर कोळंबी सोलून जी टरफले फेकून देतात, त्यांतच हे द्रव्य दडलेले असते. त्याच्यावर धन विद्युद्भार असतो आणि जंतूंच्या आवरणावर ऋण. त्यामुळे ते जंतूंना बिलगून त्यांचे आवरण फाडते. त्याने रक्तही लवकर थांबते, म्हणून ह्या शतकाच्या आरंभी अमेरिकन सैनिकांच्या पिशवीत त्याच्या पट्ट्या आल्या.

चांदीची कथा थोडी निराळी आहे. 1965 साली मॉयर ह्याने भाजलेल्या रोग्यांसाठी सिल्व्हर नायट्रेटचे अर्धा टक्का द्रावण वापरले आणि 1968 साली चार्ल्स फॉक्स ह्याने सिल्व्हर सल्फाडायाझिनचे पांढरे मलम आणले. हे मलम जगभर भाजलेल्यांच्या वॉर्डांतून पोचले आणि त्याने पुष्कळ जीव वाचविले. पण कालांतराने दिसून आले, की साध्या भाजण्यावर ह्या मलमाने कातडी येण्यास उशीरच लागतो. पुढे चांदीच्या महाग पट्ट्या निघाल्या. 2009 साली इंग्लंडमध्ये पायाच्या जुनाट जखमांच्या 213 रोग्यांवर झालेल्या चाचणीत साध्या, न चिकटणाऱ्या पट्टीपेक्षा त्या सरस ठरल्या नाहीत. चांदी निरुपयोगी आहे असा ह्याचा अर्थ नव्हे. जेथे जंतुदोष नाही तेथे जंतुनाशकही नको, इतकाच त्याचा अर्थ.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. कारण ह्या इतिहासात आपलाही मोलाचा वाटा आहे. परदेशी पट्ट्यांची किंमत आपल्या गरीब रोग्यांना झेपणारी नव्हती. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातील डॉ. केसवानी ह्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली जाळीच्या कापडावर चिकटवून, त्या निर्जंतुक करून भाजलेल्या मुलांच्या जखमांवर बांधल्या आणि 1985 साली तो अनुभव प्रसिद्ध केला. साल ओल राखते आणि चिकटत नाही. विंटरच्या अटी तिने पाळल्या. पट्टी बदलताना ज्याने पोराचे ओरडणे ऐकले आहे, त्यालाच 'चिकटत नाही' ह्या दोन शब्दांचे मोल कळेल. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे ह्यांनी केळीचे पान निर्जंतुक करून वापरले, आणि ते बटाट्याच्या सालीइतकेच गुणकारी व तिच्याहून स्वस्त असल्याचे 2003 साली दाखविले.

आणि सोलापूर! तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यवैद्य डॉ. सुब्रह्मण्यम् ह्यांनी मध हाती घेतला. 104 भाजलेल्या रोग्यांचे दोन सारखे गट करून त्यांनी एकास मधाची पट्टी व दुसऱ्यास चांदीचे मलम लावले. सात दिवसांत मधाच्या गटातील 91 टक्के जखमा जंतुरहित झाल्या, मलमाच्या गटात 7 टक्के. 1991 साली हे एका ब्रिटिश शल्यपत्रिकेत छापून आले आणि इजिप्तचा व सुश्रुताचा मध पुन्हा जगाच्या चर्चेत आला. एकाच शल्यवैद्याच्या अनुभवावर सर्वस्वी विसंबू नये, अशी टीकाही झाली आणि ती रास्त होती. पण 2015 साली जगातील चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा उथळ भाजण्यावर मधाने नेहमीच्या पट्टीपेक्षा चारपाच दिवस लवकर गुण येतो, असे निघाले. इतर जखमांबद्दल मात्र पुरावा कच्चा आहे.

मध हे कसे करतो? तो दाट व साखरेने भरलेला असल्याने जंतूंतले पाणी ओढून घेतो. तो आम्ल असतो. आणि जखमेच्या पाण्याने पातळ झाला की त्यातील एक पाचक द्रव्य अगदी संथपणे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. होय, मी माझ्या वडिलांच्या पायावर ओतीत होतो तेच हे द्रव्य! फरक एवढाच, की मी ते बाटलीने ओतले. मध ते थेंबाथेंबाने, मांसाला सोसेल अशा बेताने देतो. एकच वस्तू एका मात्रेत मारक आणि दुसऱ्या मात्रेत तारक होते. परंतु एक इशारा देतो. इस्पितळातला मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. दुकानातल्या बाटलीतला मध जखमेत ओतू नये. त्यात जंतूंची बीजे असू शकतात.

आजचे संशोधन ह्याच दिशेने चालले आहे. जुनाट जखमेत जंतू सुटे राहत नाहीत. दुधावर साय धरावी तसा बुळबुळीत थर करून त्याखाली ते एकत्र राहतात. 2008 साली तपासलेल्या 50 जुनाट जखमांपैकी 30 जखमांत असा थर सापडला, तर 16 ताज्या जखमांपैकी अवघ्या एकीत. ह्या थराखाली औषध पोचत नाही. फ्लेमिंगच्या नळीची ती टोकेच पुन्हा आली म्हणा ना! म्हणून पाण्याने फुगणारे मऊ गर, कोळिष्टकाहून बारीक धाग्यांच्या जाळ्या, जंतूंची चाहूल लागली तरच औषध सोडणाऱ्या पट्ट्या प्रयोगशाळांतून तयार होत आहेत. त्यांतल्या सगळ्याच इस्पितळापर्यंत पोचणार नाहीत. काचपात्रात जंतू मारणे सोपे असते. माणसाच्या पायावर, मांस राखून मारणे कठीण.

श्रोतेहो, एवढा लांबचा प्रवास आपण कशासाठी केला? ह्या इतिहासातील पुष्कळशा चुका आळसाने वा दुष्टाव्याने झालेल्या नाहीत. त्या उत्साहाने झाल्या आहेत. उकळते तेल ओतणाराही रोग्याचे भलेच इच्छीत होता. मीही वडिलांचे भलेच इच्छीत होतो. पारेने पहाटे उठून रोगी पाहिले, लिस्टरने आपला फवारा टाकून दिला, फ्लेमिंगने औषध कोठपर्यंत पोचते ते मोजले. त्यांना वाट सापडली ती आपल्या उपचाराचा परिणाम डोळ्यांनी पाहण्याची तयारी होती म्हणून.

आपल्या गावात मधुमेहाचे रोगी घरोघर आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द बोलून मी आपली रजा घेतो. त्यांचे पाय रोज संध्याकाळी दिव्याजवळ नेऊन पाहा. त्यांना काटा बोचलेला कळत नाही, म्हणून आपण पाहावयाचे. जखम दिसली तर ती स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ पट्टीने झाका, आणि फेस येणारी औषधे कपाटातच राहू द्या. मग वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आमच्या घरी तीन आठवडे गेले. तुमच्या घरी तेवढे जाऊ नयेत, एवढ्यासाठीच मी हा विषय निवडला.